उजाड खाणींवरील कुरणें

पृथ्वीच्या पोटांतील धन काढून घेणें मनुष्यास फार पूर्वींच साधलें. परंतु तें काढतांना विस्कटलेली भूमि पुन्हां सावरून देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यास फार उशिरां सुचला. अमेरिकेच्या पूर्वभागांतील ॲपलेशियन पर्वतप्रदेशाचा विसाव्या शतकांतील इतिहास म्हणजे बहुतांशीं या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय.

पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी या राज्यांतील डोंगरांत कोळसा प्रथम भुयारें खणून काढीत असत. पुढें प्रचंड यंत्रें आलीं, आणि कोळशावरील झाडी, माती व खडक समूळ उलटून टाकून खालचा थर उघडा करण्याची रीत पडली. या उघड्या खाणींत सुपीक माती तळाशीं जाई व तळचा खडक माथ्यावर येई. त्या खडकांत पुष्कळदां लोह व गंधक यांचें खनिज असे. हवा आणि पाणी लागतांच त्यापासून आम्ल उत्पन्न होई. त्यायोगें ढिगाऱ्यावर रोप जगेना आणि खालच्या ओढ्यांत मासा राहीना. वेस्ट व्हर्जिनियानें १९३९ सालींच अशा खाणींवर निर्बंध घालणारा कायदा केला. तथापि राज्याराज्यांचे नियम निरनिराळे असल्यामुळें त्यांचा व्हावा तितका उपयोग झाला नाहीं.

जमिनीच्या मालकाची स्थिति तर अधिकच विलक्षण होती. केंटकींतील अनेक डोंगरी शेतकऱ्यांच्या वाडवडिलांनीं अल्प मोबदल्यांत भूगर्भांतील खनिजाचे हक्क लिहून दिले होते. त्या वेळीं असल्या यंत्रांची कल्पनाही कोणास नव्हती. परंतु पुढें न्यायालयांनीं त्या दस्तऐवजांचा अर्थ असा लावला कीं, कोळशासाठीं वरची जमीनही मालकाच्या संमतीवांचून उकरतां येते. नोव्हेंबर १९६५ मध्यें नॉट परगण्यांतील ऑली कोम्ब्स नांवाची विधवा आपल्या घरावरच्या उतारावर चालून आलेल्या बुलडोझरसमोर ठाण मांडून बसली. शिपायांनीं तिला हातापायांस धरून उचलून नेलें, आणि थँक्सगिव्हिंगचा सण तिनें तुरुंगांत काढला. त्या प्रसंगाचें छायाचित्र वृत्तपत्रांत आलें, आणि डोंगरांतलें गाऱ्हाणें साऱ्या देशाच्या कानीं गेलें.

यानंतरही बारा वर्षें जावीं लागलीं. काँग्रेसनें संमत केलेलीं विधेयकें अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनीं १९७४ च्या अखेरीस आणि पुन्हां १९७५ च्या मे महिन्यांत नाकारलीं. कोळशाचें उत्पादन घटेल, अशी त्यांची भीति होती. अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजीं अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनें कायदा झाला. वरची माती निराळी जपून ठेवावी, डोंगरास शक्य तों पूर्वींचा आकार द्यावा, जमीन पूर्वींच्या अथवा त्याहून चांगल्या उपयोगाची करावी, आणि याची हमी म्हणून खाणवाल्यानें आधींच अनामत ठेवावी, असें त्यानें ठरविलें. पेरणीनंतर पांच वर्षें, व जेथें वर्षास २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तेथें दहा वर्षें, त्या हिरवळीची जबाबदारी खाणवाल्याची राहिली.

अनामत लवकर सोडवून घेण्यास गवताइतकें सोयीचें दुसरें साधन नव्हतें. फेस्क्यू आणि लेस्पेडेझा यांचें बीं टाकलें कीं एक-दोन हंगामांत उतार हिरवे होत, मातीची धूप थांबे, आणि पूर्वीं जेथें अरण्य होतें ती जमीन सरकारी कागदावर ‘कुरण’ ठरे. परंतु दुरून डोंगर साजरे! अवजड यंत्रांच्या येरझारांनीं माती इतकी दडपलेली असे कीं, पाणी आंत मुरण्याऐवजीं वाहून जाई आणि मुळें वरच्यावर राहत. जून झालेला लेस्पेडेझा तुरट होतो व गुरें त्यास तोंड लावीत नाहींत. कित्येक ठिकाणीं कुंपण नव्हतें, पिण्याचें पाणी नव्हतें, मालक दूरच्या शहरांत. गुरें आणणार कोण? अशीं अनेक ‘कुरणें’ एकाही गाईचें दर्शन न होतां झुडपांनीं भरून गेलीं.

तथापि सर्वत्रच असें झालें नाहीं. नैर्ऋत्य व्हर्जिनियांतील कोळसाप्रदेशांत १९८० पासून तेथील कृषिशास्त्रज्ञांनीं या जमिनींवर प्रत्यक्ष प्रयोग केले. चुना घालून आम्ल मारावें, स्फुरदाची उणीव भरून काढावी, आणि गवतांत क्लोव्हरसारखें द्विदल मिसळावें, म्हणजे तें हवेंतील नत्र जमिनींत आणतें, असा मार्ग त्यांतून स्पष्ट झाला. मग गुरें आलीं कीं शेण-मुताच्या रूपानें खाल्लेल्यापैकीं बरेंचसें मातीस परत मिळतें. मात्र कळप एकाच जागीं न ठेवतां फिरविला पाहिजे. नाहींतर खुरांनीं तीच माती पुन्हां घट्ट होते.

हा इतिहास हिंदुस्थानास परका नाहीं. वर्धा खोऱ्यांतील चंद्रपूर व वणी येथील उघड्या खाणींचे काळे ढिगारे महाराष्ट्राच्या परिचयाचे आहेत. ८ जानेवारी २०२० रोजीं नागपूरचेच सुपुत्र सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठानें आदेश दिला कीं, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हां गवत लावून ती चारा व वनस्पति यांच्या वाढीस योग्य करणें, ही अट खाणपट्ट्यांत असावी, आणि खर्च पट्टेदारानें सोसावा. आदेशांत ‘चारा’ हा शब्द आला, हें मोठेंच होय. परंतु ॲपलेशियाचा अनुभव असा कीं, गवत बियाण्यानें उगवतें. कुरण मात्र होतें तें माती, पाणी आणि गुराखी यांच्या दीर्घ सहवासानें. खाणवाला निघून गेल्यावर त्या भूमीवर हक्कानें गुरें नेणारा कोणी गांवांत उरला आहे कीं नाहीं, यावरच तिचें पुनरुज्जीवन अवलंबून आहे.