एक्स्प्रेसो, पण दुधाची

परभणी जिल्ह्यात लग्नाला गेलात, मग ते सेलूचं असो, मानवतचं असो नाहीतर गंगाखेडचं, तर जेवणाच्या मंडपात एका कडेला एक चकचकीत मशीन उभं दिसतं. स्टीलचं पिंप, त्यावर काटा फिरणारं घड्याळ आणि बाजूला एक वाकडी नळी. मागे उभा असलेला माणूस मगात दूध, साखर आणि चमचाभर इन्स्टंट कॉफी घेतो, नळी आत बुडवतो आणि कॉक सोडतो. खर्रर्र आवाज होतो, शेजारच्या बायका दचकतात, लहान पोरं पुढे सरकतात. फेस मगाच्या काठापर्यंत आला की कागदी कपात ओतायचं आणि वरून चॉकलेट पावडरची चिमूट टाकायची.

या पेयाला आमच्याकडे 'एक्स्प्रेसो' म्हणतात. ते गोड असतं, दुधाळ असतं, आणि पिणाऱ्याला फेसाची मिशी येतेच येते. थंडीतल्या लग्नात जिलबीच्या टेबलापेक्षा इथे गर्दी जास्त असते.

आता पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कॅफेत जाऊन हाच शब्द उच्चारा. समोर येईल बोटभर उंचीची कपबशी, तळाशी २५ ते ३० मिलिलिटर काळा, कडू, दाट द्रव. दूध नाही, साखर नाही. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये परभणीची किती माणसं सापडली असतील याची गणतीच नाही. पण यावर जे विनोद होतात ते नेहमी एकाच बाजूने होतात. 'गावाकडच्यांना एस्प्रेसो कळत नाही' इतकंच त्यांचं म्हणणं. मला हा विनोद कधी पचला नाही, म्हणून मी या शब्दाच्या मागे लागले. सापडलं ते मजेशीर आहे.

१८८४ साली इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोरिओन्दो नावाच्या माणसाने वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र एका दमात पुष्कळ कॉफी करायचं. एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक कप काढणारं यंत्र केलं मिलानच्या लुइजी बेझेराने, १९०१ साली. त्याचे हक्क घेऊन देसिदेरिओ पाव्होनीने ते बाजारात आणलं आणि १९०६ च्या मिलानच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. 'एस्प्रेसो' या शब्दात तीन अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत: दाबून काढलेली, झटपट केलेली, आणि खास तुमच्यासाठी, तुम्ही मागितल्यावर केलेली. आधीच करून ठेवलेल्या किटलीतली नाही, हा यातला मुख्य मुद्दा. नेमकी हीच गोष्ट लग्नातला तो माणूसही करतो, हे आत्ताच लक्षात ठेवा.

गंमत पुढे आहे. पाव्होनीच्या यंत्रात वाफेच्या जोरावर पाणी कॉफीतून ढकललं जायचं, तो दाब साधारण दीड बार. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोनच्या आसपास असतो, म्हणजे त्यापेक्षाही कमी. त्या कॉफीवर तो प्रसिद्ध सोनेरी फेस यायचा नाही. तो आला अकिले गाज्जाच्या यंत्रामुळे. गाज्जाने १९३८ मध्ये पहिलं पेटंट घेतलं आणि महायुद्ध संपल्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, दांडा ओढून स्प्रिंगने दाब देणारं यंत्र आणलं. दाब गेला आठ-नऊ बारवर. तेव्हा कॉफीच्या वर फेस आला आणि गिऱ्हाइकांना तो संशयास्पद वाटला. मग हा फेस कॉफीचाच आहे, नैसर्गिक आहे, असं त्यांना पटवून द्यावं लागलं. आज त्याच फेसाशिवाय आलेली एस्प्रेसो जाणकार परत पाठवतात.

म्हणजे १९०६ मधला मिलानचा माणूस आजच्या कॅफेत आला, तर त्यालाही 'ही माझी एस्प्रेसो नाही' असंच वाटेल. शब्दाने घरातच, चाळीसेक वर्षांत, अर्थ बदलला होता.

मग शब्द प्रवासाला निघाला. फ्रेंच माणसं त्याचा उच्चार आपल्या भाषेच्या वळणाने 'एक्स्प्रेस', 'एक्स्प्रेसो' असा करतात, तेव्हा 'क्स' म्हणणारे फक्त आपणच आहोत असं समजू नका. १९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'मोका बार' उघडला, गाज्जाचं यंत्र घेऊन. त्यानंतर इंग्लंडभर 'एस्प्रेसो बार' निघाले आणि तरुण पोरापोरींनी ते भरून गेले. त्यांतल्या पुष्कळांच्या हातात असायची ती काळी कडू कॉफी नव्हे, दुधाच्या फेसाची कॉफी. दुकानाचं नाव एस्प्रेसो आणि कपात दूध, ही सोय परभणीच्या आधी लंडनने करून घेतली होती.

एस्प्रेसोच्या यंत्राला दोन अंगं असतात. एक, गरम पाणी दाबाने कॉफीतून काढणं. दोन, वाफेच्या नळीने दूध तापवून फेसाळणं. आपल्याकडच्या लग्नातल्या मशीनमध्ये यातलं फक्त दुसरं अंग आहे. पहिलं गळालं. माझा अंदाज असा, की ते गळण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. ताजी भाजलेली, ताजी दळलेली कॉफी मानवत-पाथरीला मिळणार कुठे? इन्स्टंट कॉफी मात्र किराणा दुकानात पुडीत मिळते. दूध तर घरोघर आहे. पाचशे पाहुण्यांना खपेल ते हेच. यंत्राचं अर्धं शरीर आलं आणि नाव मात्र पूर्ण आलं.

आणि हे अर्धं अंग काही भोंगळ काम नाही. वाफ दुधात शिरून तिचं पाणी होतं, तेव्हा ती प्रचंड उष्णता सोडते, एका ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी. म्हणून गॅसशिवाय, पातेल्याशिवाय दूध अर्ध्या मिनिटात चांगलं गरम होतं. पण ती वाफ दुधातच राहते. हिशेब केला तर दीडशे मिलिलिटर दुधात दहा-अकरा मिलिलिटर पाणी वाढतं. दुधात पाणी घातल्याचा आरोप आचाऱ्यावर नेहमी होतो. इथे पाणी मशीनच घालतं आणि कुणी तक्रार करत नाही.

माझे एक मावसकाका आहेत, जिंतूर तालुक्यातले. कापसाचे शेतकरी. मुलीच्या ॲडमिशनसाठी पुण्याला आले होते. आम्ही एका कॅफेत बसलो. काकांनी बोर्ड वाचला, ओळखीचा शब्द दिसला, आणि ते आत्मविश्वासाने म्हणाले, "एक एक्स्प्रेसो द्या." काउंटरवरच्या मुलाने आधी उच्चार दुरुस्त केला. मग तो छोटा कप आणून ठेवला. काका कपाकडे पाहत राहिले. "बाकीची कुठंय?" त्यांनी विचारलं. मागच्या टेबलावर कोणीतरी फस्सकन हसलं. त्या मुलाने, तोही कदाचित बीड-लातूरकडचाच असेल, नजर वळवली. काकांनी ते कडू एका घोटात संपवलं, औषधासारखं, आणि नंतर दोन तास ते कुठेच काही मागेनात. पाणीसुद्धा नाही. पोरीने विचारलं तर म्हणाले, "काही नको, पोट भरलंय."

मला त्यांचं हे गप्प होणं लागलं. तीस वर्षं लग्नांमध्ये त्यांनी एक्स्प्रेसो प्यायली होती. त्या शब्दाचा अर्थ त्यांना पक्का माहीत होता, आणि त्यांच्या जिल्ह्यात तो अर्थ खरा होता. त्या काउंटरवर नेमकं कोण चुकलं? माझ्या मते कोणीच नाही. पण लाज वाटून घेण्याची पाळी मात्र एकालाच आली.

तसं पाहिलं तर कॉफीच्या बोर्डवर अडखळायला परभणीचंच असावं लागत नाही. इटालियन भाषेत 'लात्ते' म्हणजे नुसतं दूध. पुण्यात रोज 'लाटे' पिणारी मुलगी रोमच्या बारमध्ये 'लात्ते' म्हणाली, तर तिच्यासमोर दुधाचा ग्लास येईल. 'माक्कियातो' म्हणजे डाग पडलेला. 'कॅपुचिनो' हे नाव कापुचिन साधूंच्या तपकिरी झग्याच्या रंगावरून आलेलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीत बरीच वर्षं बोर्डवरच्या सर्वांत लहान कपाला 'टॉल', म्हणजे उंच, म्हणत. त्याच्यावरचा 'ग्रांदे', म्हणजे मोठा, हा मधला. सर्वांत मोठा 'व्हेंती', म्हणजे वीस, कारण त्यात वीस औंस मावतात. ही भाषा शिकून घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो. मग 'डिग्री कॉफी' म्हणजे पदवीधर कॉफी नसून चांगल्या निर्भेळ दुधाची कॉफी हे कुंभकोणमच्या माणसाकडून शिकायला काय हरकत आहे? आणि दुकानातल्या 'फिल्टर कॉफी'च्या पुड्याची मागची बाजू वाचा. कायद्याने त्यात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. 'कॉफी' हा शब्दसुद्धा शंभर टक्के कॉफी नसतो.

मराठवाड्याला तर एका शब्दाचे दोन अर्थ सांभाळण्याची सवय जुनी आहे. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा रुपया वेगळा, 'हाली', आणि इंग्रजांचा वेगळा, 'कलदार'. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. मनमाडच्या बाजूला व्यवहार करणाऱ्याने नुसतं 'शंभर रुपये' म्हणून भागायचं नाही, कोणते ते बोलावं लागायचं. विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. न विचारणाराच बुडायचा.

आमची रेल्वेसुद्धा एका टोकाला मनमाड आणि दुसऱ्या टोकाला सिकंदराबाद अशी. त्यामुळे चहाचे शब्दही दोन्हीकडचे कानावर पडतात. मुंबईहून आलेला 'कटिंग' मागतो. हैदराबादला जाऊन आलेला 'पौना' सांगतो. पौना म्हणजे पाऊण कप असं वाटतं, पण इराणी हॉटेलात तो दूध जास्त आणि डिकॉक्शन कमी अशा चहासाठी मागतात. 'कट' म्हणाल तर आमच्याकडे आधी मिसळीवरचा लाल तवंग डोळ्यापुढे येतो. आणि 'हॉटेल' हा तर सगळ्यांचा बाप. आम्ही हॉटेलात चहा पितो, भजी खातो. झोपायला लॉजवर जातो. इंग्रजी शिकलेल्याने यात दुरुस्ती करून पाहावी.

'कॅफे' या शब्दाचा परभणीतला प्रवास मात्र मला हसू येऊ देत नाही.

आम्ही शाळेत असताना कॅफे म्हणजे सायबर कॅफे. दहावी-बारावीचा निकाल, सीईटीचा फॉर्म, हॉल तिकिटाची प्रिंट. प्लायवूडचे कप्पे, कम्प्युटर, तासाचे पैसे. कॉफीचा थेंब नाही. (बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर १९९६ मध्ये 'कॅफे कॉफी डे'चं पहिलं दुकान उघडलं तेही इंटरनेटसकट उघडलं होतं. तिथे पुढे इंटरनेट गेलं आणि कॉफी राहिली.) मोबाइल आले, सायबर कॅफे ओस पडले. मग जिल्ह्याजिल्ह्यात नवे कॅफे निघाले, आणि त्यातल्या काहींनी ते प्लायवूडचे कप्पे ठेवले, पडदे लावले. महाराष्ट्रातल्या लहान शहरांमधून अशा कॅफेंवर पोलिसांच्या कारवाईच्या बातम्या अधूनमधून येतात. परिणाम असा, की घरातल्या मोठ्यांच्या कानात 'कॅफे' म्हणजे पडदा.

आता कृषी विद्यापीठात शिकणारी एखादी मुलगी मैत्रिणीबरोबर खरोखर कोल्ड कॉफी प्यायला जाणार असेल, तर घरी काय सांगणार? 'कॅफेत जाते' म्हटलं तर आई वेगळं ऐकते. 'हॉटेलात जाते' म्हटलं तर बाप विचारतो, घरी जेवण नाही का? म्हणून ती सांगते 'झेरॉक्स काढायला जाते'. मी स्वतः अशा कितीतरी झेरॉक्स काढल्या आहेत. एस्प्रेसोच्या गोंधळात काकांचे अडीचशे रुपये आणि थोडा मान गेला. या गोंधळात मुलींचं बाहेर जाणं अडतं, आणि पोलिसांची गाडी समोर थांबली की पडद्याचा कॅफे आणि बिनपडद्याचा कॅफे असा फरक गल्लीत कोणी करत बसत नाही.

मागच्या हिवाळ्यात परभणीत स्टेशनच्या बाजूला एका नव्या कॅफेत गेले होते. रस्त्याच्या बाजूने सगळी काच, पडदा नाही, आतलं माणूस बाहेरून दिसेल असं. मेन्यूवर एस्प्रेसो, अमेरिकानो, कॅपुचिनो, आणि त्यांच्या खाली वेगळी ओळ, 'हॉट कॉफी'. काउंटरवर विशीतला मुलगा. माझ्यापुढे एक आजोबा होते, धोतर, टोपी, सोबत नातू. त्यांनी नातवाला विचारलं नाही, मेन्यूही पाहिला नाही.

"एक्स्प्रेसो हाय का?"

मुलाने वर पाहिलं आणि विचारलं, "लग्नातली पाहिजे का कडू, बाबा?"

"लग्नातली."

"बसा, आणतो."