आधी लडलोला जा

आयव्ही ली पत्रकं काढायला बसला जून १९१४ मध्ये आणि कोलोरॅडोला पोचला ऑगस्टमध्ये. तुम्ही हा क्रम उलटा करा. फिलाडेल्फियातल्या त्याच्या कचेरीत तुम्हाला बसायचंच आहे, रॉकफेलर घराण्यासाठी तो काय लिहितो ते खांद्यावरून वाचायचं आहे. पण त्याआधी कोलोरॅडोतल्या लडलोला उतरा.

२१ एप्रिल १९१४, मंगळवार. डोंगरांच्या पायथ्याशी उघडं माळरान, शेजारून रेल्वेचे रूळ. काल सकाळपर्यंत इथे संपावर गेलेल्या खाणकामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची, सुमारे बाराशे माणसांची तंबूंची वसाहत होती. आता कापड जळून गेलंय. वाकलेल्या लोखंडी खाटा उरल्यात, शेगड्या उरल्यात, त्यांची आडवी पडलेली धुराडी उरलीत. परवाचा रविवार ग्रीक कामगारांच्या ईस्टरचा होता आणि इथेच बेसबॉलचे सामने रंगले होते. काल, सोमवारी, कोलोरॅडो नॅशनल गार्डच्या मशीनगन दिवसभर चालल्या. संध्याकाळी एक मालगाडी नेमकी मध्ये आली, तिच्या आडोशाने बरीच बायकामुलं निसटली आणि मग तंबू पेटले.

तंबूंच्या लाकडी फळ्यांखाली लोकांनी खड्डे खणले होते, गोळ्या सुटल्या तर बायकापोरांना लपता यावं म्हणून. त्यातल्याच एका खड्ड्याच्या तोंडाशी तुम्ही उभे आहात. आत दोन बायका आहेत आणि अकरा मुलं. वरचा तंबू पेटला तेव्हा ती तिथेच कोंडली गेली. वाकून बघा. बघवत नाही हे मला ठाऊक आहे, तरी बघा, कारण काही आठवड्यांनी या खड्ड्याबद्दलचा मजकूर तुमच्या टेबलावर यायचा आहे.

जवळच्या माणसांना विचारा, संप कशासाठी. सप्टेंबर १९१३ पासून ती माणसं थंडीवाऱ्यात इथे राहताहेत, कारण संपावर जाताच कंपनीने घरं काढून घेतली. मजुरी टनावर, म्हणून वजनकाट्यावर आपला निवडून दिलेला माणूस हवा. छताला टेकू लावणं, रूळ टाकणं या कामाचे पैसे मिळत नाहीत, ते हवेत. आठ तासांचा दिवस हवा. दुकान, घर आणि डॉक्टर आपल्या मर्जीने निवडायची मोकळीक हवी. युनियनला मान्यता हवी. आणि राज्याचे खाणकायदे पाळले जावेत. या शेवटच्या मागणीवर मी दरवेळी थबकतो: आहे तो कायदा पाळा, एवढं सांगण्यासाठी संप!

इथली सर्वांत मोठी कंपनी कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न. तिचे सुमारे ४० टक्के शेअर रॉकफेलरांकडे. संचालक मंडळावर धाकटे रॉकफेलर आहेत, जॉन डी. ज्युनिअर, वय ४०. दहा वर्षांत त्यांनी इथे पाऊल टाकलेलं नाही. दोनच आठवड्यांपूर्वी, ६ एप्रिलला, संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं की खुल्या कामगारभरतीचं, म्हणजे युनियनबाहेरच्यांनाही कामावर घेण्याचं तत्त्व एवढं मोठं आहे की त्यापायी सगळी गुंतवणूक बुडाली तरी चालेल. ते मनापासून बोलत होते. त्यांना जे कळत होतं ते कंपनीच्या डेन्व्हरमधल्या अधिकाऱ्यांच्या पत्रांतून, आणि त्या पत्रांत सगळं आलबेल होतं.

आता न्यूयॉर्कला चला, रॉकफेलरांच्या कचेरीपाशी, २६ ब्रॉडवे. दारासमोर कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर आणि त्याचे सोबती दंडाला काळी फीत बांधून मुकाट येरझाऱ्या घालताहेत. देशभरचे पेपर रॉकफेलरांवर तुटून पडलेत. आत ज्युनिअरना सल्ला हवाय, आणि संपादक आर्थर ब्रिस्बेन एक नाव सुचवतो.

हा आयव्ही लेडबेटर ली कोण, ते समजायला आणखी आठ वर्षं मागे जावं लागेल. २८ ऑक्टोबर १९०६, अटलांटिक सिटी. खाडीवरच्या पुलावरून विजेच्या रेल्वेचे तीन डबे पाण्यात गेले, ५३ माणसं बुडाली. रेल्वे कंपन्यांचा तोवरचा शिरस्ता म्हणजे अपघात झाकायचा आणि बातमीदाराला हुसकायचं. जॉर्जियातल्या मेथडिस्ट पाद्र्याचा हा मुलगा, स्वतः न्यूयॉर्कच्या पेपरांत बातमीदारी केलेला, पेन्सिल्व्हेनिया रेलरोडला उलटं करायला लावतो. काय घडलं त्याचं पत्रक कंपनीच काढते आणि न्यूयॉर्क टाइम्स ते जसंच्या तसं छापतो. त्याच वर्षी लीने संपादकांना आपल्या धंद्याची तत्त्वं लिहून पाठवली होती: आमचं काम लपूनछपून चालत नाही, आम्ही कुणासाठी बोलतो ते सांगतो, आमची माहिती बिनचूक असेल आणि ती पडताळायची असेल तर आम्ही आनंदाने मदत करू.

तो कागद हातात घ्या, घडी घाला आणि खिशात ठेवा. जनसंपर्काचा धंदा ज्या चांगल्या गोष्टींवर उभा आहे त्यातल्या बऱ्याचशा त्या एका कागदात आहेत. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. म्हणूनच पुढचं बघताना जीव तुटतो.

फिलाडेल्फिया, जून १९१४. ब्रॉड स्ट्रीट स्टेशनच्या इमारतीत रेल्वेची मुख्य कचेरी आहे. ली अजून रेल्वेच्याच नोकरीत आहे, रॉकफेलरांचं काम त्याच्या जोडीने, महिना हजार डॉलरवर. त्याने ज्युनिअरना आरंभीच बजावलंय की खरं आज ना उद्या बाहेर येणारच, तेव्हा आपणच सांगितलेलं बरं, आणि लोकांना आपलं वागणं पटत नसेल तर वागणं बदला. तुम्ही टंकलेखनयंत्रापुढे बसलाय. डेन्व्हरहून टपाल येतं, कंपनीचे अध्यक्ष वेलबॉर्न यांच्याकडून: पत्रं, कात्रणं, आकडे, कुणाकुणाची निवेदनं. ली त्यातून निवडतो, भाषा घासूनपुसून नेमकी करतो, मथळा देतो. लिहिणारा हात तयारीचा आहे. बोजड वाक्य त्याच्यापुढे टिकत नाही. पत्रकमालेचं नाव आहे, कोलोरॅडोतल्या औद्योगिक स्वातंत्र्याच्या लढ्याविषयी वस्तुस्थिती. काढणारे म्हणून नाव खाणमालकांच्या समितीचं, लीचं कुठेच नाही. ती संसदसदस्यांना जाणार, गव्हर्नरांना, संपादकांना, पाद्र्यांना, शिक्षकांना. ज्यांचं गावात चार लोक ऐकतात त्या सगळ्यांना.

खिशातला कागद आठवतोय? त्यातलं आम्ही कुणासाठी बोलतो हे कलम इथे आधीच गळालंय.

मग एक पान तुमच्या हातात येतं. युनियनचे पुढारी संपातून किती कमावतात त्याचे आकडे आहेत. नऊ आठवड्यांसाठी एवढे डॉलर, रोजचे एवढे. रक्कम डोळे विस्फारणारी आहे, वाचणारा संपावरच संतापेल. पण ती आली कुठून? युनियनच्या वार्षिक हिशेबातून. म्हणजे अख्ख्या वर्षाचा पगार इथे नऊ आठवड्यांचा झालाय. मूळ अहवाल मागवला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. कुणी मागवला नाही. आकडा छापला गेला, देशभर गेला, आणि जाहीर दुरुस्ती निघेपर्यंत संप मोडून गेला होता.

आणि तो मजकूरही येतो, ज्यासाठी तुम्हाला आधी लडलोला धाडलं. तंबूतल्या मृत्यूंना कारण, म्हणे, उलटलेली शेगडी. तुम्ही त्या शेगड्या पाहिल्यात. खड्डाही पाहिलाय. कोलोरॅडो नॅशनल गार्डच्या स्वतःच्या चौकशी अहवालातसुद्धा सैनिकांनी आग मुद्दाम पसरवल्याचं लिहिलंय. तुमची बोटं कळांवर आहेत आणि ली शेजारच्या टेबलावर पुढचं पत्रक जुळवतोय. तो खोटं रचतोय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही, आणि मला खरंच वाटतं की तो रचत नव्हता. आलेली माहिती त्याने खरी मानली, कारण पाठवणारे सभ्य, हुद्द्याचे लोक होते. या धंद्यातली बहुतेक पापं अशीच घडतात. साहेबांकडून आलेल्या कागदाला उलटा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं, एवढंच.

ऑगस्टमध्ये ली कोलोरॅडोला जातो. तुम्ही त्याच्याबरोबर खाणींच्या वस्त्यांतून फिरा. आता त्याच्यातला जुना बातमीदार जागा होतो. माणसं तक्रार करायला भितात, मुकादमाच्या वर कुणाकडे दाद मागायची सोय नाही, हे त्याच्या लक्षात येतं आणि तो ज्युनिअरना तसं कळवतो: गाऱ्हाणी ऐकण्याची काहीतरी रीतसर व्यवस्था लवकरात लवकर उभी करा. हा सल्ला शहाणा होता, धाडसी होता. पण तो बंद पाकिटातून एका माणसाकडे गेला. पत्रकं सप्टेंबरपर्यंत छापून देशभर जातच राहिली.

डिसेंबरात संप संपतो. जानेवारी १९१५, न्यूयॉर्कचा सिटी हॉल. औद्योगिक संबंध आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श साक्षी घेताहेत आणि दालन कामगारांनी, बातमीदारांनी ठेचून भरलंय. ज्युनिअरना मागच्या दाराने न्यावं असं बरोबरच्या एकाचं म्हणणं पडतं. ली ऐकत नाही. मागच्या दाराचे दिवस गेले, सगळे येतात त्या दाराने तेही जातील. आणि ते जातात, गर्दीतून, पुढच्या दाराने. कामगार चळवळीतल्या मदर जोन्स दिसतात, ज्यांना कोलोरॅडोत कैदेत ठेवलं होतं त्या. ज्युनिअर त्यांच्याशी हस्तांदोलन करतात, आपल्या कचेरीत यायचं आमंत्रण देतात आणि त्या खरोखर जातात. जवळून बघा ज्युनिअरना. भित्रा म्हणता येईल इतका लाजरा माणूस, पण लोकांसमोर चालत गेला आणि लोकांना पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला. साऱ्या पत्रकांनी मिळून जे साधलं नव्हतं ते त्या काही पावलांनी साधलं.

मग साक्षीला लीला बोलावतात. वॉल्श विचारतात की मालकांनी पुरवलेली माहिती खरी आहे का, हे पाहण्यासाठी आपण स्वतः काय केलंत? ली लपवाछपवी करत नाही. काहीही नाही, असं सांगतो. हे उत्तर कानात साठवा. पुढे कवी कार्ल सँडबर्गने त्याला पगारी खोटारडा म्हटलं, सिंक्लेअरने त्याला ‘पॉयझन आयव्ही’ हे विषारी वेलीचं नाव दिलं आणि ते जन्माचं चिकटलं.

सप्टेंबर १९१५. ज्युनिअर स्वतः कोलोरॅडोत आले आहेत, सोबत मॅकेन्झी किंग, पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले तेच. ज्युनिअर अंगात खाणकामगाराचे कपडे घालून भुयारात उतरतात, कुदळ मारून बघतात, कामगारांच्या पंगतीला जेवतात, मुलांच्या शाळेत डोकावतात. एका वस्तीवर सभा संपल्यावर खुर्च्या बाजूला सारल्या जातात, बँड लागतो आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत घरचा मुलगा खाणकामगारांच्या बायकांबरोबर नाचतो. बातमीदार भराभर लिहून घेताहेत. हा देखावा होता का? होता. पण तुम्ही नीट पाहिलंत तर एक म्हातारा कामगार त्यांना काहीतरी सांगतोय आणि ते मान कलती करून ऐकताहेत, तेही दिसेल. दहा वर्षं जे पत्रांतून वाचलं ते त्या दिवशी माणसाच्या तोंडून ऐकलं.

२ ऑक्टोबरला प्वेब्लोत ते चौकोनी टेबल पुढे घेतात. भागधारक, संचालक, अधिकारी, कामगार अशा चार बाजू समजावतात, वर नाणी ठेवून कुणाच्या वाट्याला काय येतं ते दाखवतात. नव्या योजनेत कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी आहेत, संयुक्त समित्या आहेत, दाद मागण्याची पायरी आहे, हव्या त्या दुकानात जायची मुभा आहे. ऑगस्टच्या त्या बंद पाकिटातला सल्ला, किंगच्या हातून आकार घेऊन, शेवटी बाहेर आला. युनियनला मात्र मान्यता नाही. ज्या मागणीसाठी लोक तंबूत राहिले होते ती तशीच पडून राहिली, आणि याच खाणींत पुन्हा पुन्हा संप झाले. कंपनीच्याच छत्राखालच्या अशा संघटना १९३५ च्या कायद्याने अमेरिकेत बेकायदा ठरल्या. मला ती योजना अर्धी वाटते. टेबलाची चौथी बाजू स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, हे ज्युनिअरना तेव्हा मानवलं नाही, आणि ते त्यांना ठासून सांगणारा सल्लागार शेजारी नव्हता.

लीची भरभराट झाली. आता एकदम मे १९३४ मध्ये या, अमेरिकी संसदेच्या आणखी एका समितीपुढे. केस पिकलेला ली साक्ष देतोय. जर्मनीची आय. जी. फार्बेन ही रासायनिक कंपनी त्याला वर्षाला २५,००० डॉलर देते. या खेपेस तो कागदांवर विसंबला नव्हता. बर्लिनला गेला, हिटलरला भेटला, स्वतः पाहिलं. त्याने जर्मनांना जो सल्ला दिला तोही तो समितीला सांगतो: ज्यूंना तुम्ही जसं वागवता ते अमेरिकेला कधीच पटणार नाही, आणि इथे येऊन प्रचार करणं चूक ठरेल. सल्ला खरा होता, तोंडावर दिलेला होता. जर्मनीतलं काही त्याने हललं नाही. ली मात्र मोबदला घेत राहिला.

खिशातल्या कागदात या प्रसंगाचं कलम नाही. माहिती बिनचूक असावी, ओळख उघड असावी, एवढंच त्यात आहे. सांगूनही ऐकलं नाही तर उठून जायचं की नाही, आणि कधी, हे त्यात लिहिलेलं नाही.

जुलैमध्ये साक्ष प्रसिद्ध झाली आणि पेपरांनी त्याला हिटलरचा प्रसिद्धीप्रमुख ठरवलं. मेंदूतल्या गाठीने तो ९ नोव्हेंबर १९३४ ला गेला, वयाच्या ५७ व्या वर्षी. प्वेब्लोतलं टेबल, पुढचं दार, १९०६ ची तत्त्वं या कशाचीही त्या मथळ्यांना गरज पडली नाही.