बालाबुश्काच्या पोटातली टायटलिस्ट

मार्टिन स्कॉर्सेसीच्या १९८६च्या ‘द कलर ऑफ मनी’मध्ये पॉल न्यूमनचा एडी टॉम क्रूझच्या व्हिन्सेंटला एक क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, देतो. ती ‘बालाबुश्का’, म्हणजे जॉर्ज बालाबुश्का या कारागिराच्या हातची, आहे म्हटल्यावर पोराचे डोळे लकाकतात. पडद्यावर दिसते ती क्यू मात्र बालाबुश्का नाहीच. बाल्टिमोरच्या जॉस कंपनीने बालाबुश्काच्या वळणावर बनवलेली ती क्यू आहे. म्हणजे ज्या चित्रपटाने हे नाव पूलच्या अड्ड्यांबाहेर नेलं, त्यातच तोतया उभा होता. चित्रपटानंतर जुन्या बालाबुश्कांना मागणी वाढली आणि मागोमाग नकलाही आल्या.

खरी गंमत मात्र पुढेच आहे. अस्सल बालाबुश्का ओळखायची कशी याच्या मागे लागलो तेव्हा कळलं, की सुरुवातीच्या कितीतरी अस्सल क्यूंचा पुढचा देखणा भाग, तो चार टोकांचा गडद-फिकट जोड, बालाबुश्काने केलेलाच नाही. तो ब्रन्सविक कंपनीच्या कारखान्यातला आहे. पूलच्या अड्ड्यावर भिंतीच्या रॅकमध्ये कुणीही उचलावी म्हणून ठेवलेल्या ‘टायटलिस्ट’ नावाच्या क्यूचा!

आधीचा इतिहास एका दमात सांगतो. बिलियर्ड्स पूर्वी जाड डोक्याच्या ‘मेस’ने ढकलत खेळत. कडेला लागलेल्या चेंडूपाशी ते डोकं अडायचं म्हणून उलट्या, शेपटीच्या बाजूने टोला मारायची सवय पडली, त्या शेपटीचीच पुढे क्यू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या मँगो नावाच्या गृहस्थाने टोकाला चामडं लावलं. १८४५मध्ये जॉन ब्रन्सविकने सिनसिनाटीत बिलियर्ड टेबलं बनवायला घेतली आणि पुढे ती कंपनी अमेरिकेतला या धंद्याचा सावकार झाली. झालं.

जॉर्ज बालाबुश्का १९१२ साली रशियात जन्मला, १९२४मध्ये आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला आणि सुतारकामात रुळला. १९५९मध्ये ब्रुकलिनमध्ये भागीदारीत पूलचा अड्डा घेतला, क्यूंची डागडुजी करू लागला आणि त्यातून स्वतःच्या क्यू बनवू लागला. १९७५च्या डिसेंबरात तो गेला. त्याच्या हातून निघालेल्या क्यू अंदाजे हजार-बाराशे.

टायटलिस्टवर मात्र थांबायलाच हवं. तिच्यात पुढचं लाकूड फिकट मेपलचं, मुठीकडचं गडद, शिसवीच्या जातीचं. दोन्हींच्या तोंडांना लांब खाचा पाडून ती एकमेकांत रुतवलेली असतात, दोन्ही हातांची बोटं गुंतवावीत तशी. गडद टोकं मेपलमध्ये वर चढतात आणि मेपलची टोकं मुठीत खाली उतरतात. टोकांच्या कडेने रंगीत व्हिनिअरच्या बारीक पट्ट्या. याला ‘फुल स्प्लाइस’ म्हणतात. मध्ये स्क्रू नाही, नुसतं लाकडात लाकूड आणि सरस. बालाबुश्काने ही अखंड क्यू कापायची, मध्ये स्टीलचा जॉइंट बसवून दोन तुकड्यांची करायची, मुठीवर लिननचा दोरा गुंडाळायचा, खालचा भाग, कडी आणि शाफ्ट, म्हणजे जॉइंटपुढची काठी, आपल्या मापाने घडवायचे. शिकागोचा हर्मन राम्बो आणि न्यूयॉर्ककडचा फ्रँक पॅराडाइज हेही ब्रन्सविकच्याच कच्च्या काठीवर काम करत. तेव्हाच्या कारागिरांना त्यात काही वावगं वाटत नसे. चांगला जोड आयता मिळत असताना कोण करत बसणार?

पुढे टायटलिस्ट मिळेनाशी झाली. मग शिकागोच्या बर्टन स्पेनने ती गुंतवण आपल्या हाताने जमवली आणि १९६६च्या सुमाराला बालाबुश्का त्याच्याकडून ब्लँक, म्हणजे जोड दिलेली कच्ची काठी, घेऊ लागला. अखेरच्या वर्षांत गस झांबोटीकडून. झांबोटीचा जोड वेगळा, अर्धा. मेपलच्या एकाच तुकड्यात खाचा पाडून त्यांत गडद पाचरी बसवायच्या आणि तो तुकडा स्क्रूने मुठीला जोडायचा. क्ष-किरणाखाली धरली तर ही स्क्रूवाली क्यू लगेच ओळखू येते. म्हणून क्यूचा काळ ठरवायला ब्लँक कामाला येतो. टायटलिस्टच्या पोटाची बालाबुश्का १९७४ची म्हणून कुणी दाखवली, तर शंकेला जागा आहे.

आता पंचाईत बघा. नक्कल करणारा काय करतो? बाजारातून जुनी टायटलिस्ट आणतो, कापतो, जॉइंट लावतो, दोरा गुंडाळतो. म्हणजे अक्षरशः बालाबुश्का जे करायचा तेच! अस्सल आणि बनावट दोन्हींची पुढची बाजू एकाच कारखान्यातली, तितकीच जुनी, तितकीच खरी. लोक नेमके त्या देखण्या टोकांकडे बघत बसतात, आणि त्यांची साक्ष इथे काडीच्या कामाची नाही.

तरी टोकांनाही आपली भाषा आहे. इंग्लंडमधल्या जुन्या स्नूकर क्यूवर एबनीचा वरचा काठ कमानीसारखा गोल असतो. कारण तिथला कारागीर निमुळत्या अ‍ॅश लाकडाला रंधा मारून चार सपाट बाजू करतो, त्यांवर एबनीच्या पट्ट्या चिकटवतो आणि सगळं गोल करतो. सपाट पातळी निमुळत्या गोलाला भिडली की कमानच उमटणार. यंत्राने कापलेल्या ‘व्ही’ खाचेचं टोक मात्र सुईसारखं निघतं. म्हणून इंग्लंडात गोल टोक म्हणजे हातकाम आणि टोकदार म्हणजे यंत्रावरची स्वस्त क्यू. अटलांटिकपलीकडे हिशेब उलटा. तिथे अणकुचीदार टोक म्हणजे खरा जोड, आणि किंचित गोलावलेलं टोक म्हणजे राउटरच्या फिरत्या पात्याने वरवर कोरून बसवलेली नक्षी. आपल्याकडच्या जिमखान्यांत बिलियर्ड्स-स्नूकर आलं ते इंग्रजांबरोबर. स्नूकरचा तर जन्मच १८७५चा, जबलपूरच्या छावणीतला. तेव्हा मुंबई-पुण्याच्या क्लबातली जुनी क्यू बघून तयार झालेली नजर अमेरिकन क्यूवर लावाल तर फसाल.

मुळात ही गुंतवण आली कुठून? बरेच जण म्हणतात, निव्वळ शोभा. मला हे पटत नाही. शोभाच हवी तर वरून पट्टी चिकटवता आली असती, गाभ्यापर्यंत खाच पाडायचा उपद्व्याप कशाला? माझा होरा असा, की हे वजनाचं गणित आहे. मूठ जड, पुढचं लाकूड हलकं हवं. दोन लाकडं आडव्या कापावर जोडली तर टोल्यागणिक सांधा सुटणार. लांब, तिरक्या खाचांत सरसाला जागा भरपूर मिळते. शोभा मागाहून आली. स्वस्त क्यूंवर तीच टोकं रंगाने किंवा चिकटचित्राने काढायची पद्धत पडली, हा माझा मुख्य पुरावा. बिनकामाच्या नक्षीची नक्कल करायला कोण जातं? चांगल्या जोडाची खूण म्हणून ती नुसती रंगवली तरी विकली जात होती. भिंग लावलं तर खऱ्या व्हिनिअरमध्ये लाकडाचे तंतू दिसतात आणि पट्ट्या टोकाशी एकमेकींना तिरक्या भिडलेल्या दिसतात. चित्रातल्या पट्टीत छपाईचे ठिपके, नाहीतर सपाट रंग.

मग बालाबुश्काचं स्वतःचं काय? संग्राहक म्हणतात, सगळंच : निमुळतेपणाचं माप, तोल, जॉइंटचा नेमकेपणा, टोल्याचा स्पर्श. कच्ची काठी कुणाची का असेना. हे बरोबर आहे, पण अर्धंच. सुरुवातीच्या क्यूंचं कूळ मी ब्रन्सविककडे लावतो, नाव बालाबुश्काकडे. पुढे त्याच्या नावाचा परवाना घेऊन कारखान्यांनी क्यू काढल्या आणि त्यांवर ‘बालाबुश्का’ ठळक लिहिलं. त्याच्या हाताचा त्या क्यूंशी काडीचाही संबंध नाही.

तेव्हा कुणी जुनी बालाबुश्का विकायला काढली तर टोकांवरून नजर हलवा. जॉइंट उघडायला लावा, कड्या आणि बुडाची टोपी उजेडात बघा, पहिला मालक कोण होता आणि क्यू हातोहात कशी आली याचे कागद मागा. कागद नसतील तर टायटलिस्टच्या भावाने द्या म्हणावं.