‘पारंपरिक’ अमेरिकन कुटुंब किती जुने? (थ्रेड)

१/ २४ जुलै १९५९. मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात भरलेल्या अमेरिकन प्रदर्शनात उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह एका नमुनेदार स्वयंपाकघरापाशी वाद घालत उभे होते. अशा यंत्रांमुळे आमच्या गृहिणींचे कष्ट हलके होतात, असे निक्सन कपडे धुण्याच्या यंत्राकडे बोट दाखवून सांगत होते. स्त्रीकडे पाहण्याची ही भांडवलशाही दृष्टी आमच्याकडे नाही, असे ख्रुश्चेव्ह यांनी सुनावले. शीतयुद्धात अणुबॉम्बच्या जोडीला आता कुटुंबही उतरले होते.

२/ कमावता पिता, घर सांभाळणारी माता, तीन-चार मुले आणि उपनगरातले स्वतंत्र घर हे चित्र अमेरिकेच्या राजकारणात आजही ‘पारंपरिक कुटुंब’ म्हणून मिरवले जाते. परंतु परंपरा म्हणावी इतके ते खरोखर जुने आहे काय?

३/ जनगणनेचे आकडे वेगळेच सांगतात. १८९० मध्ये अमेरिकन स्त्रीच्या पहिल्या विवाहाचे मध्यक वय २२ होते आणि पुरुषाचे २६.१. १९५६ मध्ये ते अनुक्रमे २०.१ आणि २२.५ पर्यंत खाली आले. म्हणजे नात आजीपेक्षा लवकर बोहल्यावर चढत होती! १९४६ ते १९६४ या काळात सुमारे ७ कोटी ६० लाख बालके जन्मली. म्हणूनच त्या पिढीला ‘बेबी बूमर’ हे नाव पडले.

४/ ही लाट केवळ प्रेमाच्या भरतीने आली नव्हती. १९४४ च्या ‘जीआय बिल’ या कायद्याने महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य आणि घरासाठी सरकारी हमीचे कर्ज मिळाले. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभे राहू लागले. कामगारांची एकेक तुकडी एकच ठरावीक काम करीत घरामागून घर पुढे सरके. चार-पाच वर्षांत तेथे १७,००० हून अधिक घरे झाली.

५/ करव्यवस्थाही याच साच्याच्या बाजूने उभी राहिली. १९४८ पासून विवाहित जोडप्याचे उत्पन्न दोघांत समान विभागून कर आकारण्याची सोय देशभर झाली. एकटा पती कमावत असेल, तर या सोयीचा लाभ सर्वाधिक. पत्नी घरी राहते हा जणू निसर्गनियम मानला जाई. प्रत्यक्षात त्या नियमाला कायद्याचे भक्कम टेकू लावलेले होते.

६/ उरलेले काम दूरचित्रवाणीने केले. ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेची नायिका लूसिल बॉल प्रत्यक्षातही गर्भवती होती. तरीही ‘गर्भवती’ हा शब्द संवादांत उच्चारण्यास वाहिनीने मनाई केली. मात्र १९ जानेवारी १९५३ रोजी पडद्यावर तिचे बाळ जन्मले, तो भाग दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीपेक्षाही अधिक लोकांनी पाहिला.

७/ या चित्रात जागा सर्वांना नव्हती. लेव्हिटटाउनच्या आरंभीच्या करारांत गौरवर्णीयांखेरीज कोणी तेथे राहू नये, असे कलम होते. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७ साली पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले, तेव्हा जमावाने त्यांच्या घरावर दगडफेक केली. पती, पत्नी, मुले, नोकरी असे सारे काही ‘आदर्श’ असूनही केवळ वर्णामुळे ते कुटुंब आदर्शाबाहेर ठरले.

८/ आत असणाऱ्यांचीही सुटका सोपी नव्हती. न्यूयॉर्क राज्यात १९६६ पर्यंत घटस्फोटासाठी व्यभिचार हे एकच कारण ग्राह्य होते. परिणामी हॉटेलच्या खोलीत भाड्याच्या स्त्रीसोबत छायाचित्र काढून खोटा पुरावा रचण्याचा धंदाच तेथे चाले. ज्यांना परवडे, ते नेव्हाडातील रेनो शहर गाठत. तेथे १९३१ पासून सहा आठवड्यांचे वास्तव्य घटस्फोटासाठी पुरेसे होते. कठोर कायद्याने विवाह टिकत नव्हते. केवळ असत्य पोसले जात होते.

९/ आणखी एक समज. ‘अमेरिकन मुले आईवडिलांना सांभाळत नाहीत’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील बहुसंख्य वृद्ध आपल्या अपत्यांसोबतच राहत. पुढे शेती मागे पडून पगारी नोकऱ्या वाढल्या. तरुण घराबाहेर पडले आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यामुळे वृद्धांच्या हाती निवृत्तिवेतन आले. स्वतंत्र राहणे परवडू लागल्यावर अनेक वृद्धांनी ते स्वतःहून पत्करले. त्यामागे निव्वळ माया आटणे नव्हते, अर्थकारणही होते.

१०/ पन्नाशीच्या दशकातच चौकट आतून किलकिली होत होती. नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण वाढतच होते. १९६३ मध्ये बेटी फ्रीडन यांच्या ‘द फेमिनिन मिस्टिक’ने सुस्थित गृहिणीच्या घुसमटीला शब्द दिले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात आंतरवंशीय विवाहबंदी रद्द केली. तोवर १६ राज्यांत ती लागू होती. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाने दोषारोपाविना घटस्फोट मान्य केला. त्या विधेयकावर स्वाक्षरी होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची, म्हणजे पुढे ‘कौटुंबिक मूल्यां’च्या राजकारणाचा चेहरा ठरलेल्या नेत्याची.

११/ म्हणून ‘परंपरा’ या शब्दाची छाननी आवश्यक ठरते. विवाह, घटस्फोट, पाळणाघरे, करसवलती यांवरील वादांत आजही ‘पूर्वी कुटुंबे कशी होती’ हा दाखला दिला जातो. तो दाखला बहुधा जेमतेम दोन दशकांचा असतो. त्या काळात अनेकांना खरेच स्थैर्य लाभले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते स्थैर्य स्वस्त कर्ज, वाढते वेतन आणि सरकारी पाठबळ यांवर उभे होते. त्या काळाची आठवण काढणारे बहुधा गृहिणीचा एप्रन आठवतात आणि कर्जाची हमी विसरतात.