डेव्हिस विद्यापीठातील मिरपूड फवारणी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलात १८ नोव्हेंबर २०११ रोजी विद्यापीठाच्याच पोलिसांनी आंदोलक विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर मिरपुडीचा फवारा मारला. शुल्कवाढीला विरोध करणारे हे विद्यार्थी तंबू हटविले गेल्यानंतर हात गुंफून पायवाटेवर बसले होते. या घटनेची चित्रफीत जगभर पसरली. माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २०१२ मधील अहवालात हा प्रसंग टाळता आला असता, असा निष्कर्ष काढून प्रशासन व पोलीस या दोहोंवर ठपका ठेवला. वापरलेल्या फवाऱ्याला दलाच्या नियमांत मान्यताच नव्हती. सप्टेंबर २०१२ मधील तडजोडीनुसार दावा दाखल करणाऱ्या २१ जणांना प्रत्येकी ३० हजार डॉलर आणि संकुलप्रमुखांचे लेखी माफीपत्र देण्याचे ठरले.