दूरच्या विजेचा घाव

वळवाच्या पहिल्या गडगडाटांत घरांतले दिवे एकाएकीं मालवले, कीं घरोघरीं एकच उद्गार निघतो : तारेवर वीज पडली! पुष्कळदां तो खरा नसतो. वीज पडलेली असते दूरच्या एखाद्या ताडावर, नाहींतर उघड्या माळावर. तारेला तिचा स्पर्शहि झालेला नसतो. तरीहि खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलेला असतो. हें कोडें उलगडण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. आणि मधल्या काळांत तें सुटलें असें ज्यांना वाटलें, त्यांचें उत्तर अर्धेंच खरें होतें.

आकाशांतील वीज आणि प्रयोगशाळेंतील ठिणगी एकच, हें फ्रँक्लिनच्या सूचनेवरून १७५२ सालीं फ्रान्समध्यें प्रत्यक्ष सिद्ध झालें. मराठीनें तर पुढें दोहोंना एकच नांव दिलें. पण घरावर टोंकदार सळई उभी करणें निराळें आणि कोसच्या कोस पसरलेली तार सांभाळणें निराळें. त्याचा पहिला अनुभव तारायंत्राला आला. दूर कडाडलेली वीजहि तारेंत प्रवाह उत्पन्न करते, याकडे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यानें १८४६ सालींच लक्ष वेधलें होतें. त्यावर उपाय सांपडला तो साधा : धातूच्या दोन पट्ट्या, मध्यें अगदीं थोडी फट, एक पट्टी तारेला जोडलेली, दुसरी जमिनींत. दाब वाढला कीं ठिणगी फट ओलांडी आणि वीज मातींत जिरे.

दिव्यांच्या तारा आल्या तेव्हां मात्र हा उपाय अंगलट येऊं लागला. ठिणगीनें एकदां वाट पाडली, कीं तिच्यामागून वीजघराचा स्वतःचा प्रवाहहि त्याच वाटेनें जमिनींत धांवे. शत्रूला बाहेर घालविण्यास दार उघडावें आणि घरांतलें धनहि त्याच दारानें जावें, तशी ही गत. एलिह्यू थॉमसन यानें लोहचुंबकाच्या जोरानें ती ज्योत फुंकून टाकण्याची युक्ति काढली.

पण मूळ घाव येतो कसा? १९०८ सालीं जर्मनीच्या वाग्नर यानें त्याची उपपत्ति मांडली. ढगांतील विद्युद्भारामुळें खालच्या तारेवर उलट जातीचा भार बांधल्यासारखा अडकून राहतो. ढग दुसरीकडे रिता झाला, कीं तो भार मोकळा होतो आणि बंधारा फुटल्याप्रमाणें दोन्ही दिशांनीं लाटेसारखा धांवत सुटतो. दूरच्या विजेचा हाच घाव सर्व तारांचा मुख्य शत्रु, अशी पुष्कळ इंजिनियरांची समजूत झाली.

मग परीक्षेचे दिवस आले. १९२२ सालीं स्टाइनमेट्झ यानें अमेरिकेंतील स्केनेक्टडी येथें १,२०,००० व्होल्ट दाबाची कृत्रिम वीज पाडून दाखविली. १९२४ सालीं पीटर्स यानें क्लायडोनोग्राफ हें यंत्र पुढें आणलें. तारेवरून गेलेली लाट त्यांतील फोटोच्या फिल्मवर आपली आकृति उमटवी आणि आकृतीच्या विस्तारावरून दाब मोजतां येई. अशा नोंदींच्या आधारें १९३० च्या सुमारास फोर्टेस्क्यू यानें ठांसून सांगितलें, कीं मोठ्या दाबाच्या तारा निकामी करते ती दुरून पडलेली वीज नव्हे, तर थेट पडलेलीच. त्या तारांचे इन्सुलेटर इतके बळकट, कीं दूरच्या विजेची लाट त्यांना पुरी पडत नाहीं. तेव्हां मनोऱ्यांच्या माथ्यावर जमिनीशीं जोडलेली रक्षक तार ताणावी आणि मनोऱ्याचे पाय मातीशीं नीट जोडावे, हा मार्ग ठरला. तो योग्यच होता.

चूक एवढीच, कीं मोठ्या तारांचें उत्तर लहान तारांनाहि लागू पडेल असें वाटूं लागलें. गल्लींतली तार बुटकी. आसपासचीं झाडें आणि इमारती तिच्याहून उंच. थेट आघात ते झेलतात, आणि तारेच्या वांट्याला येतो तो शेजारच्या विजेचा घाव. दरम्यान १९३० नंतरच्या दशकांत दक्षिण आफ्रिकेंत शोनलंड यानें विजेचीं छायाचित्रें घेऊन दाखविलें, कीं आधीं एक अंधुक शलाका टप्प्याटप्प्यानें खालीं उतरते आणि मग झगझगीत आघात जमिनीकडून वर चढतो. या वर चढणाऱ्या प्रवाहाचें गणित तारेशीं जुळविलें स्वीडनच्या सुने रुस्क यानें, १९५८ च्या सुमारास. त्याच्या सूत्रानें ३०,००० अँपिअरची वीज १०० मीटरवर पडली, तर १० मीटर उंचीच्या तारेंत सुमारें १,१६,००० व्होल्टची लाट उठते. ११,००० व्होल्टच्या तारेचे इन्सुलेटर येथेंच हात टेंकतात. उलट अशी लाट ३,००,००० व्होल्टपलीकडे क्वचितच जाते. म्हणून उंच मनोऱ्यांना तिचें भय नाहीं.

मग लहान तारेचें रक्षण कसें व्हावें? केवळ वरच्या रक्षक तारेवर विसंबून भागत नाहीं. तिच्यावर वीज पडली, तर दुबळ्या इन्सुलेटरांवरून ती उलट उडी घेते. इन्सुलेटर अधिक भक्कम हवेत, ट्रान्सफॉर्मरपाशीं आणि तारेवर ठिकठिकाणीं लाइटनिंग अरेस्टर हवेत. अरेस्टरचें जुनें दुखणेंहि आतां बरें झालें आहे. १९३० च्या सुमारास सिलिकॉन कार्बाइड आलें आणि १९६८ च्या सुमारास जपानांत झिंक ऑक्साइडचा शोध लागला. हा पदार्थ नेहमींच्या दाबाला जवळजवळ बंद दार, वाढत्या दाबाला उघडें दार, आणि लाट ओसरतांच पुनः बंद. फटीची गरजच उरली नाहीं.

फोर्टेस्क्यू चुकला नव्हता आणि वाग्नरहि सर्वस्वी चुकला नव्हता. दोघांच्या तारा निराळ्या होत्या. बरोबर उत्तर हातीं आल्यावर तें कोणत्या प्रश्नाचें, हें विसरलें गेलें, तर तेंच उत्तर वाट चुकवितें. गल्लीच्या बुटक्या खांबाचा प्रश्न निराळा आहे, हें ओळखूं आलें तेव्हांच त्याच्या रक्षणाचा खरा मार्ग दिसला.