एकांची रांग आणि देवळालीचे मास्तर

1 आणि स्वतः यांखेरीज जिला कोणी निःशेष भागीत नाही ती मूळ संख्या, एवढे आपणां सर्वांस शाळेत शिकविलेले आहे. पण वीस आकडी संख्या पुढ्यात आली, तर ती मूळ आहे हे ठरवावयाचे कसे? शिरोलीच्या फौंड्र्यांतल्या मंडळींना हा प्रश्न परका वाटू नये. कास्टिंग वरून गुळगुळीत असते. आतला ब्लोहोल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

डहाणूस 1905 साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. फर्ग्युसनमध्ये असताना 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, पण पदवीपुढचे रीतसर शिक्षण झाले नाही. त्यांचे काम पुष्कळ पंडितांनी क्षुल्लक मानले. 1975 साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. आमच्या मते येथे संख्येआधी तिच्या मालकाची पदवी तपासली गेली. कामगाराच्या सूचनेचे कारखान्यात असेच होते!

कापरेकरांच्या ‘डेम्लो’ संख्यांना नाव मिळाले ते एका रेल्वे स्थानकावरून. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321. नऊ एकांचा वर्ग 12345678987654321. दहा एकांना मात्र हातचा आडवा येतो आणि वर्ग होतो 1234567900987654321. आता गंमत पाहा. हातच्याची पर्वा न करता मधोमध 10 लिहू या : 12345678910987654321. ही वर्ग तर नाहीच; ती चक्क मूळ संख्या आहे! भागून खात्री करावयाची तर 351 कोटींपर्यंतच्या सर्व मूळ संख्या लावून पाहाव्या लागतील. दिसण्यात बहिणी, पण एक फुटते आणि दुसरी फुटत नाही.

नुसत्या एकांच्या संख्यांचेही तसेच. एकांची संख्याच संयुक्त असेल तर रांग हमखास फुटते : सहा एक म्हणजे 111 गुणिले 1001. पण ती मूळ असूनही भागत नाही. पाच एकांना 41 आणि 271 फोडतात. 2, 19 आणि 23 एकांच्या रांगा मूळ आहेत. 317 एकांची सिद्धता 1978 साली प्रसिद्ध झाली, 1031 एकांची 1986 साली. त्याच वर्षी कापरेकर वारले. त्यापुढे संगणक कितीही वेगवान झाले तरी 49,081 एकांची रांग मूळ असल्याचे सिद्ध व्हायला 2022 साल उजाडले, आणि 86,453 एकांच्या रांगेला 2023. अशा रांगा अनंत आहेत की नाहीत, हे अजून कोणीही सिद्ध केलेले नाही.

सात एकांची रांग घरी जाऊन 239 ने भागून पाहावी.